दीर्घिकासमूहांचे क्ष-किरण: घनतेच्या वर्गाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: भौतिकशास्त्राच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याला दीर्घिकासमूहांच्या क्ष-किरणांवर प्रकल्प करायचा आहे. चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातून त्याने एका समूहाची निरीक्षणं उतरवून घेतली आहेत. प्रतिमेत मधोमध एक तेजस्वी ठिपका आणि भोवती धूसर डाग दिसतो. यातून घनता, तापमान, वस्तुमान कसं काढतात आणि त्या आकड्यांवर कितपत विसंबायचं, हे त्याला विचारायचं आहे.

आधी तो धूसर डाग कशाचा आहे ते पाहू. तो समूहातल्या दीर्घिकांचा नव्हे. दृश्य प्रकाशातल्या छायाचित्रात शेकडो दीर्घिका नजरेत भरतात, पण वस्तुमान मोजायला बसलं की ताऱ्यांच्या वाट्याला जेमतेम काही टक्के येतात. त्याच्या कितीतरी पट द्रव्य दीर्घिकांच्या मधल्या जागेत वायूच्या रूपात पसरलेलं असतं, एकूण वस्तुमानाच्या साधारण १२ ते १५ टक्के. उरलेले ८० टक्क्यांहून जास्त कृष्णद्रव्य. सगळं मिळून सूर्याच्या १०० ते १,००० लाख कोटी पट वस्तुमान. एवढ्या खोल गुरुत्वविहिरीत पडणारा वायू आघात-तरंगांतून जातो, त्याची गती उष्णतेत बदलते आणि तापमान १ ते १० कोटी केल्व्हिनपर्यंत चढतं. आमच्या कामात तापमान ऊर्जेच्या एककातच सांगतात: १ केईव्ही, म्हणजे एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे १ कोटी १६ लाख केल्व्हिन. बहुतेक मोठे समूह ३ ते १० केईव्हीच्या दरम्यान असतात.

या तापमानाला हायड्रोजन आणि हेलियम पूर्ण आयनीभूत असतात. मोकळा इलेक्ट्रॉन आयनाजवळून जाताना वळतो आणि वळताना क्ष-किरण सोडतो. या प्रक्रियेला ब्रेमश्ट्रालुंग म्हणतात. ही गोष्ट आज सहज सांगता येते, पण ती सिद्ध व्हायला वेळ लागला. १९६६ मध्ये रॉकेटवरच्या उपकरणांनी कन्या समूहातल्या एम८७ या दीर्घिकेकडून क्ष-किरण टिपले. डिसेंबर १९७० मध्ये सोडलेल्या उहुरू उपग्रहाने कन्या, ययाती आणि कोमा या समूहांचे क्ष-किरण एका बिंदूतून येत नसून पसरलेल्या जागेतून येतात हे दाखवलं. तरीही ते उष्ण वायूचे आहेत की वेगवान इलेक्ट्रॉनांनी विश्वपार्श्वभूमीच्या (महास्फोटानंतर उरलेल्या मायक्रोतरंग प्रारणाच्या) फोटॉनांना दिलेल्या धक्क्यांतून आलेले, हा वाद उरलाच. १९७६ मध्ये एरियल-५ उपग्रहाला ययाती समूहाच्या वर्णपटात लोहाची रेषा सापडली आणि पारडं वायूकडे झुकलं. शिवाय त्या एका रेषेने दुसरीही गोष्ट सांगितली: हा वायू महास्फोटातून जसाच्या तसा उरलेला नाही, त्यात ताऱ्यांच्या पोटात शिजलेलं लोह मिसळलं आहे.

आता प्रश्नाचा गाभा. एका इलेक्ट्रॉनाला एक आयन भेटावा लागतो, म्हणून घनफळाच्या एककातून निघणारी ऊर्जा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: घनता दुप्पट झाली की ऊर्जा चौपट. तापमानाचा वाटा त्या मानाने सौम्य, साधारण वर्गमुळाइतका. माझं ठाम मत आहे की या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक सोय आणि जवळजवळ प्रत्येक फसगत या वर्गातून निघते. तो ध्यानात ठेवलात तर कुठल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे पुष्कळदा स्वतःलाच कळतं.

सोय अशी. समूहाच्या मध्यापासून काही लाख प्रकाशवर्षांवर वायूची घनता लिटरमागे एखाददुसरा इलेक्ट्रॉन इतकी असते. पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत इतकी पोकळी साधत नाही. तरीही आकारमान प्रचंड असल्यामुळे अख्खा समूह सेकंदाला १० चा ४३ वा ते ४५ वा घात इतके अर्ग (ऊर्जेचं एकक) क्ष-किरणांतून देतो. प्रतिमेतली दीप्ती आपण दृष्टिरेषेवर बेरीज होऊन आलेल्या रूपात पाहतो. समूह गोलाकार मानला तर ती बेरीज गणिताने उलगडून प्रत्येक त्रिज्येवरची घनता काढता येते. ०.५ ते २ केईव्हीच्या पट्ट्यात तर आणखी मजा आहे: वायू २ केईव्हीपेक्षा उष्ण असला की या पट्ट्यातली फोटॉनांची संख्या तापमानावर फारशी अवलंबून राहत नाही. म्हणून तापमान नीट माहीत नसतानाही घनता चांगली निघते. वर्गमूळ काढताना दीप्तीतली १० टक्क्यांची चूक घनतेत ५ टक्क्यांवर येते, हा वर बोनस. समूहाच्या वायूचं वस्तुमान म्हणूनच आमच्या हातातल्या सर्वांत भरवशाच्या आकड्यांपैकी एक आहे.

घनतेच्या आलेखाला बसवायला पहिलं सूत्र म्हणून बीटा-प्रतिरूप घ्या. कॅव्हॅलिएरे आणि फुस्को-फेमियानो यांनी ते १९७६ मध्ये मांडलं. मध्ये सपाट गाभा, बाहेर घातसूत्राप्रमाणे उतरण, आणि उतरण किती तीव्र ते ठरवणारा बीटा हा आकडा बहुधा दोन तृतीयांशाच्या आसपास. चांगल्या निरीक्षणांना ते पुरत नाही, मध्य जास्त उजळ निघतो आणि कड जास्त वेगाने उतरते. तरीही सुरुवात त्यानेच करा, कारण ते कुठे मोडतं हे पाहताना समूहाची खरी रचना कळते.

तुमच्या प्रतिमेतला मधला ठिपका नेमका इथे येतो. त्याचे दोन अर्थ संभवतात. एक, मध्यवर्ती दीर्घिकेच्या कृष्णविवराचं सक्रिय केंद्र, म्हणजे द्रव्य गिळताना उजळलेला भाग. दोन, थंड आणि दाट गाभा. आधी ठिपक्याची रुंदी मोजा. चंद्राची विभेदनक्षमता मध्यभागी सुमारे अर्धा आर्कसेकंद (अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) आहे. ठिपका तेवढाच असेल तर तो बिंदुस्रोत, त्याला वगळा. पसरट असेल तर तो वायूच आहे आणि गोष्ट रंगतदार आहे.

थंड गाभ्याची गोष्ट अशी. घनता लिटरमागे एक आणि तापमान १० कोटी केल्व्हिन असेल तर वायूला निवायला सुमारे ८५ अब्ज वर्षं लागतील, विश्वाच्या वयाच्या सहापट. पण काही समूहांच्या मध्यात घनता लिटरमागे ५० ते १०० पर्यंत जाते आणि तापमान ३ कोटींपर्यंत उतरतं. तिथे निवण्याचा काळ एक अब्ज वर्षांच्याही आत येतो. मग तो वायू निवून, आत सरकून, दरवर्षी शेकडो सूर्यांइतकं द्रव्य ताऱ्यांत बदलायला हवं होतं. अनेक वर्षं हेच घडत असावं असं मानलं गेलं. २००१ च्या सुमारास एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण दुर्बिणीच्या ग्रेटिंग वर्णपटमापकाने या गाभ्यांचे बारीक वर्णपट दिले, आणि बाहेरच्या तापमानाच्या साधारण एक तृतीयांशाखाली निवणाऱ्या वायूच्या ज्या ठळक रेषा दिसायला हव्या होत्या त्या तिथे अपेक्षेच्या मानाने फारच क्षीण निघाल्या. काहीतरी त्या वायूला पुन्हा पुन्हा तापवत होतं.

ते काहीतरी म्हणजे मध्यवर्ती कृष्णविवर, यावर आज बहुतेकांचं एकमत आहे. ययाती समूहात रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाने १९९३ मध्येच वायूतल्या पोकळ्या दाखवल्या होत्या आणि त्यांच्या जागी रेडिओ-फुगे भरलेले होते. चंद्राने पुढे त्याच वायूत वर्तुळाकार लहरी दाखवल्या. या खरोखर ध्वनिलहरी आहेत, एका लहरीमागून दुसरी यायला सुमारे एक कोटी वर्षं. पोकळी उकरायला वायूच्या दाबाविरुद्ध किती काम करावं लागलं हे दाब गुणिले घनफळ करून काढता येतं. एमएस ०७३५ या समूहात अशा दोन महाकाय पोकळ्यांमागची ऊर्जा १० चा ६२ वा घात अर्ग या श्रेणीची निघाली. तुमच्या समूहात मध्यापासून थोड्या अंतरावर दोन बाजूंना दीप्ती दबलेली दिसली, तर ती गुळगुळीत करून पुसू नका. आधी रेडिओ नकाशा वर ठेवून पाहा.

तापमान वर्णपटातून येतं. अखंड वर्णपट उच्च ऊर्जेकडे ज्या वेगाने कोसळतो त्यावरून तापमान ठरतं. ६.७ आणि ६.९७ केईव्हीच्या लोहरेषा त्याची दुसरी साक्ष देतात आणि लोहाचं प्रमाणही सांगतात. समूहांच्या बाहेरच्या भागात ते सूर्याच्या साधारण ०.३ पट येतं. सुझाकू उपग्रहाने ययाती समूहात ते दूरपर्यंत सगळीकडे जवळपास सारखंच दाखवलं. त्यावरून लोह समूह नीट आकाराला येण्याआधीच, दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या काळात, सगळीकडे मिसळलं असावं असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष मला या क्षेत्रातल्या सर्वांत देखण्या निष्कर्षांपैकी एक वाटतो.

पण तापमानाच्या बाबतीत वर्ग पुन्हा आडवा येतो. मध्याभोवती आखलेल्या एका कड्यातल्या, म्हणजे वर्तुळाकार पट्ट्यातल्या, वायूचं तापमान आपण एकच मानून बसवतो, प्रत्यक्षात तिथे उष्ण आणि थंड वायू शेजारी असतात. दोघांचा दाब सारखा धरा. अर्ध्या तापमानाचा तुकडा मग दुप्पट दाट असणार, म्हणजे त्याच घनफळातून जवळजवळ तिप्पट उजळणार. बसवलेलं तापमान म्हणून नेहमी थंड, दाट भागाकडे कलतं. सरासरी हा शब्द वापरताना ती कशाच्या भाराने घेतलेली सरासरी आहे हे प्रबंधात लिहा. संगणकीय प्रतिकृतींशी तुलना करणार असाल तर हे टाळताच येणार नाही.

वस्तुमानासाठी वायू स्थिर आहे असं मानतात: दाबाचा उतार गुरुत्वाला तोलून धरतो. मग एखाद्या त्रिज्येच्या आतलं एकूण वस्तुमान तिथल्या तापमानावर आणि घनता व तापमान किती तिरके उतरतात त्यावर ठरतं. हिशेब करून पाहा: तापमान केईव्हीत, त्रिज्या मेगापार्सेकमध्ये (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) आणि लॉग-लॉग आलेखावरच्या दोन्ही उतारांची बेरीज यांचा गुणाकार करा, त्याला ३७ लाख कोटींनी गुणा, उत्तर सूर्याच्या पटीत येतं. तापमान ६, त्रिज्या १, उतार २.५ घेतला तर ५५५ लाख कोटी सूर्य. इथे वर्गाचा त्रास कमी होतो, कारण सूत्रात घनतेचा उतार लागतो, प्रत्यक्ष घनता नाही. सगळीकडे सारख्या प्रमाणात झालेली चूक उतारातून गळून जाते.

त्रास वेगळ्या बाजूने येतो. वायू खरोखर स्थिर आहे का? समूह अजून घडत आहेत, त्यांत लहान समूह येऊन आदळतात, वायू हेलकावतो. अशा हालचालीने धरलेला भार आपल्या सूत्रात मोजलाच जात नाही, म्हणून वस्तुमान कमी येतं. प्रतिकृती १० ते ३० टक्क्यांची तूट सांगतात. प्रत्यक्ष वेग मोजायला रेषांची रुंदी काही इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पकडणारं उपकरण लागतं. जपानच्या हितोमी उपग्रहावर ते होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अवकाशात गेला, मार्च संपायच्या आत त्याचा संपर्क तुटला, पण तेवढ्यात त्याने ययाती समूहाच्या गाभ्यातल्या वायूच्या हालचालीचा वेग सेकंदाला १६४ किलोमीटर, १० इकडे-तिकडे, असा मोजून दिला. तिथला खळबळीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या अवघा काही टक्के निघाला. इतक्या अल्पायुषी मोहिमेने इतका मोलाचा आकडा द्यावा याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अवकाशात गेलेला एक्सरिझम उपग्रह तेच काम पुढे नेतो आहे. त्याच्या मुख्य उपकरणापुढची झडप उघडलेली नाही, त्यामुळे १.७ केईव्हीच्या खालचे किरण अडतात, पण लोहाच्या रेषा स्वच्छ मिळतात आणि वेगासाठी त्याच हव्या असतात. मात्र गाभ्यातला शांतपणा कडेला लागू होतोच असं समजू नका. आदळणाऱ्या समूहांत तर स्थिरतेचं गृहीतक चालतच नाही. बुलेट समूहात वायू एकीकडे आणि गुरुत्वीय भिंगाने (गुरुत्वामुळे मागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वळतो त्यावरून) मोजलेलं वस्तुमान दुसरीकडे आहे, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. क्ष-किरणांची प्रतिमा तिथे वस्तुमान कुठे आहे हे सांगतच नाही.

कडेच्या भागाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण उत्साही विद्यार्थी तिकडेच ओढले जातात. वायू तिथे सलग नसतो, त्यात गाठी असतात. आपण वर्गाची सरासरी मोजतो आणि तिचं वर्गमूळ काढतो, ते सरासरीपेक्षा नेहमी जास्त येतं. समजा अर्धी जागा रिकामी आणि उरलेल्या अर्ध्या जागेत दुप्पट घनता. खरी सरासरी १, पण वर्गांची सरासरी २, म्हणून आपण घनता १.४१ लिहिणार. प्रत्यक्षात नसलेला ४१ टक्के वायू हिशेबात शिरला. २०११ मध्ये सुझाकूच्या निरीक्षणांतून ययाती समूहाच्या कडेला वायूचा वाटा विश्वाच्या सरासरीपेक्षाही जास्त निघाला, तेव्हा त्याचं स्पष्टीकरण अशा गाठींनीच दिलं गेलं. त्या स्पष्टीकरणावर पुढे चर्चा झाली, पण गणितातला धोका खराच आहे.

वायूचा वाटा इतका महत्त्वाचा का? समूह इतक्या मोठ्या प्रदेशातून द्रव्य गोळा करतात की त्यांच्यातलं साध्या द्रव्याचं आणि एकूण द्रव्याचं गुणोत्तर विश्वाच्या गुणोत्तराच्या जवळ असतं. १९९३ मध्ये सायमन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी कोमा समूहाचा हा वाटा काढला आणि दाखवलं की द्रव्यघनता त्या काळी अनेकांना हवी होती तितकी, म्हणजे विश्व सपाट करण्याइतकी असेल, तर एवढा वायू असूच शकत नाही. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे कळायला अजून पाच वर्षं होती.

वर्गाच्या फासातून सुटायचा एक सुंदर मार्ग आहे. सुन्याएव आणि झेलडोविच यांनी सांगितल्याप्रमाणे हाच उष्ण वायू विश्वपार्श्वभूमीच्या मायक्रोतरंगांचा वर्णपट किंचित बदलतो, आणि हा बदल घनतेच्या पहिल्या घातावर, दाबाच्या बेरजेवर ठरतो. एका मोजमापात वर्ग आणि दुसऱ्यात पहिला घात, म्हणून दोन्ही एकत्र केली की समूहाची खोली आणि तिच्यावरून अंतरसुद्धा काढता येतं. आणखी एक धडा इथून मिळाला. क्ष-किरणांच्या सर्वेक्षणांत दाट गाभ्याचे समूह जास्त उजळ असल्यामुळे जास्त सापडतात. प्लँक उपग्रहाने दाबावरून समूह शोधले तेव्हा त्यांत विस्कटलेल्या समूहांचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या सर्वेक्षणातून अर्ध्या आकाशातल्या १२,२४७ समूहांची यादी २०२४ मध्ये आली आहे. तिच्यासारखी कुठलीही यादी वापरताना ती कशाच्या आधारे निवडली गेली याचा हिशेब आधी करा.

आता प्रत्यक्ष काम. फोटॉनांची यादी हातात आल्यावर पहिल्यांदा काळानुसार मोजणीचा आलेख काढा. सूर्याकडून आलेल्या मंद प्रोटॉनांचे झोत दुर्बिणीत शिरले की मोजणी एकदम उसळते. ते तुकडे निर्दयपणे कापा, वेळ वाया गेला म्हणून हळहळू नका. मग बिंदुस्रोत शोधून वगळा. त्यानंतर खरं कष्टाचं काम: पार्श्वभूमी.

मध्यात समूह पार्श्वभूमीच्या शेकडो पट उजळ असतो आणि तिचा विचार न करताही चालून जातं. पण वर्गामुळेच दीप्ती इतक्या वेगाने उतरते की बाहेर पार्श्वभूमीच वरचढ होते. ती एकजिनसी नाही. कणांमुळे डिटेक्टरमध्ये होणारी मोजणी आरशांतून येतच नाही, म्हणून तिला आरशांच्या कार्यक्षमतेची दुरुस्ती लावायची नसते. दूरच्या सक्रिय केंद्रांचा एकत्रित उजेड आरशांतून येतो, त्याला ती दुरुस्ती लागते. आपल्या आकाशगंगेतला ०.१ ते ०.२ केईव्हीचा वायू खालच्या ऊर्जेत भर घालतो, आणि सौरवाऱ्याचे आयन इलेक्ट्रॉन उचलताना ज्या रेषा सोडतात त्या काळानुसार बदलतात. रिकाम्या आकाशाची तयार निरीक्षणं मिळतात. ती उच्च ऊर्जेतल्या मोजणीशी जुळवून वापरता येतात, पण मी विद्यार्थ्यांना प्रत्येक घटकाचं वेगळं प्रतिरूप बसवायला लावते. वेळ जास्त जातो, पण तापमान कुठल्या गृहीतकावर किती हलतं ते डोळ्यांनी दिसतं.

वर्णपट बसवताना आकाशगंगेतल्या वायूचं शोषण आणि उष्ण प्लाझ्माचं एक प्रतिरूप एवढ्यावर सुरू करा. त्यासाठीच्या संगणकप्रणालींपैकी एक्सस्पेक किंवा शेर्पा, दोन्ही चांगले. मोजणी कमी असते तेव्हा काय-वर्ग वापरू नका, कॅशची पॉइसाँ सांख्यिकी वापरा, नाहीतर उत्तर एका बाजूला सरकतं. लोहाचं प्रमाण लिहिताना सूर्याच्या मूलद्रव्यांची कुठली सारणी वापरली ते सांगा, १९८९ ची आणि २००९ ची यांत लोहाचा आकडा बराच वेगळा आहे. आणि चंद्राचं तापमान एक्सएमएमच्या तापमानाशी सरळ जोडू नका. खूप उष्ण समूहांत चंद्रा पद्धतशीरपणे जास्त तापमान देते, आणि तिच्या कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं साचत गेलेल्या थरामुळे कमी ऊर्जेतली संवेदनशीलताही घटली आहे. अंशमापनाच्या (कॅलिब्रेशनच्या) ताज्या फाइली वापरून निरीक्षणं पुन्हा प्रक्रिया केल्याशिवाय एकही वर्णपट काढू नका.

समूह अजून बदलता येत असेल तर एबेल १७९५ घ्या. ताम्रसृती (रेषा लालकडे किती सरकल्या याचं, पर्यायाने अंतराचं माप) ०.०६३, तापमान ६ केईव्हीच्या आसपास, गोलाकार, थंड गाभ्याचा, आणि चंद्राने अंशमापनासाठी तो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पाहिला असल्यामुळे फोटॉनांची चणचण नाही. मध्यवर्ती दीर्घिकेपासून दक्षिणेकडे गेलेली थंड वायूची शेपटीही त्यात दिसेल. ययाती आणि कोमा पहिल्यांदा टाळा, ते चंद्राच्या चौकटीत मावत नाहीत आणि स्थानिक पार्श्वभूमी मोजायला रिकामी जागाच उरत नाही. एबेल १७९५ मध्ये एक आर्कमिनिट म्हणजे सुमारे ७२ किलोपार्सेक. कडी अशी आखा की प्रत्येक कड्यात पार्श्वभूमी वजा करून निदान दीड-दोन हजार फोटॉन उरतील, फार उष्ण समूहात त्याहून जास्त. मग पार्श्वभूमी ५ टक्क्यांनी वर-खाली करून सगळं पुन्हा बसवा. ज्या कड्यापासून तापमान त्याच्या सांख्यिकी चुकीपेक्षा जास्त हलायला लागेल, तिथे तापमानाचा आलेख थांबवा. घनतेचा आलेख त्याच्या पुढे आणखी थोडा नेता येईल.